प्रेक्षकाला कधी काय कळतं?

थिएटरमधून बाहेर पडताना कुणी 'स्टोरी चांगली होती' म्हणतं, कुणी 'डिरेक्शन भारी होतं' म्हणतं. बहुतेक वेळा दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात. कुठली गोष्ट आपल्याला पात्राच्या आधी कळली, कुठली त्याच्याबरोबर आणि कुठली उशिरा, यावरच आपण खुर्चीत पुढे सरकून बसतो की मोबाइल काढतो हे ठरतं. पटकथेत हा क्रम कागदावर लावला जातो. दिग्दर्शनात तोच क्रम कॅमेऱ्याची जागा, नटाची नजर आणि आवाज यांनी सांभाळावा लागतो. बाकी सगळं, म्हणजे लोकेशन, ड्रोन शॉट, गाण्यांवरचा खर्च, नंतर येतं.

'श्वास' (२००४) घ्या. कोकणातले आजोबा डोळ्यांच्या दुखण्यासाठी लहानग्या नातवाला, परशाला, शहरातल्या डॉक्टरकडे आणतात. निदान कॅन्सरचं. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया हवी, आणि तिच्यानंतर पोराला दिसणार नाही. कथा एवढीच. खलनायक नाही, मारामारी नाही, योगायोगही नाही. तरी चित्रपट ढिला पडत नाही, कारण माहिती एकेक पायरी उतरत येते. आधी फक्त डॉक्टरला ठाऊक असतं. मग आजोबांना कळतं. मग प्रश्न उरतो की परशाला सांगायचं कुणी? या मधल्या काळात पोरगा काहीही साधं बोलला तरी ते टोचतं, कारण त्याला जे माहीत नाही ते आपल्याला माहीत आहे. संवादलेखकाला तिथं कारुण्य ओतावं लागत नाही. पुढे शस्त्रक्रिया लांबते, आजोबा नातवाला घेऊन वॉर्डातून नाहीसे होतात, आणि इतका वेळ सगळं जाणणारा प्रेक्षक शोधाशोध करणाऱ्यांच्या रांगेत येऊन उभा राहतो. कथेत नवीन पात्र आलं नाही, फक्त कुणाला काय माहीत आहे ते बदललं.

पटकथा लिहिताना हे तपासायची एक सोपी रीत आहे. वनलाइन, म्हणजे सीनची क्रमवार यादी, तयार झाली की प्रत्येक सीनसमोर तीन रकाने आखायचे: मुख्य पात्र, समोरचं पात्र, प्रेक्षक. रकान्यात लिहायचं ते 'माहीत', 'संशय', 'माहीत नाही' किंवा 'चुकीचं माहीत' एवढंच. दोन तासांच्या चित्रपटात साधारण ६० ते ८० सीन असतात, म्हणजे काम एका बैठकीचं आहे. मग रकाने वरून खाली वाचायचे. सलग चार-पाच सीन तिन्ही रकाने जसेच्या तसे राहिले असतील तर चित्रपट तिथं बसलेला आहे, भले त्या सीनमध्ये कितीही घडामोडी असोत. एखाद्या सीनमध्ये प्रेक्षकाचा रकाना अजिबात हलत नसेल तर तो सीन दुसऱ्यात मिसळायचा किंवा काढायचा. इथं बहुतेक जण नवी घटना घुसवतात. अपघात, आजारपण, जुना मित्र परत येणं. त्याची गरज क्वचितच असते. एखादा सीन दहा पानं अलीकडे आणला तरी पुष्कळदा काम होतं.

उदाहरण म्हणून एक साधी कथा धरू. मुलगी नोकरी सोडून गावी परतते, तिला वडिलांच्या जमिनीवर आंब्याची बाग लावायची आहे. वडिलांनी जमीन गुपचूप विकलेली आहे. ही विक्री आपल्याला मुलीबरोबर शेवटी कळली तर एक धक्का मिळतो आणि तो एका मिनिटात संपतो. तेच वडिलांना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सही करताना आपण सुरुवातीलाच पाहिलं, तर ती जेवताना कलमांचा हिशेब मांडते, ठिबकचं कोटेशन आणते, बापाला नकाशा दाखवते, हे सगळे सीन ताणलेले राहतात. बाप फक्त भात कालवत बसला तरी आपण त्याच्या हाताकडे बघतो. याची किंमतही असते. प्रेक्षकाला आधी सांगितलं की ज्या क्षणी तिला कळतं तो सीन दाखवावाच लागतो. तो पडद्याआड उरकला तर लोक चिडतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

सगळ्यात जास्त चित्रपट मार खातात ते उलट्या चुकीवर. तासभर आपण एका पात्राच्या खांद्याला खांदा लावून चाललो, त्याच्यासोबत घाबरलो, आणि इंटरव्हलला कळतं की त्याला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. याला ट्विस्ट म्हणतात, पण प्रेक्षकाला ती फसवणूक वाटते. ज्याच्या नजरेतून चित्रपट चालला आहे त्याला जे माहीत आहे ते प्रेक्षकापासून लपवायचं असेल, तर नजर दुसऱ्या पात्राची घ्यायला हवी. तेवढं न करता नंतर तीन मिनिटांचा फ्लॅशबॅक लावून खुलासा केला की कुठलाही एडिटर तो सीन वाचवू शकत नाही.

संवादांतही हाच हिशेब आहे. आपल्याकडे नाटकाची परंपरा दांडगी असल्यामुळे मराठी पटकथेत दोन माणसं एकमेकांना माहीत असलेल्या गोष्टी प्रेक्षकासाठी बोलून दाखवतात. 'बाबा जाऊन आता दहा वर्षं झाली, आणि तेव्हापासून दादानंच हे घर सांभाळलं' असं सख्खी बहीण भावाला सांगत नाही. रंगमंचावर हे खपून जातं, कारण तिथं क्लोजअप नाही. पडद्यावर बापाचा हार घातलेला फोटो आणि वीजबिलावर दादाचं नाव पुरतं. सीन लिहून झाला की पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं झाकून वाचावीत. दहातल्या सात सीनना ती लागत नाहीत. 'ये, बस, चहा घेणार?' यात पानाचा चौथाई भाग जातो. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, या हिशेबानं अशा प्रत्येक सीनमधली १५ सेकंद वाया.

आता कॅमेरा. शॉट डिव्हिजनला, म्हणजे सीन शॉटमध्ये वाटायला, बसताना 'मास्टर, दोन सजेशन, दोन क्लोज' (आधी सगळा सीन एकत्र, मग खांद्यावरून, मग चेहरा जवळून) असा साचा लावला की दिवसाची पानं उरकतात, पण सीन कुणाचा हे ठरत नाही. पहिला प्रश्न असायला हवा: या सीनमध्ये आपण कुणाबरोबर उभे आहोत? ज्याच्याबरोबर आहोत त्याची नजर लेन्सच्या जवळून जायला हवी, दुसऱ्याची थोडी लांबून. बोलणाऱ्याचा क्लोज घ्यायचा की ऐकणाऱ्याचा, हेही तिथूनच ठरतं. वरच्या उदाहरणात मुलगी बागेबद्दल बोलते तेव्हा क्लोज बापाचा लागतो, कारण माहिती त्याच्याकडे आहे. नवखा दिग्दर्शक तिचाच क्लोज घेतो, कारण संवाद तिच्या तोंडी आहेत. आणि पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येकाचे घट्ट क्लोज वापरून टाकले की शेवटी जवळ जायला जागाच उरत नाही. मालिकांनी ही सवय लावली आहे. एका वाक्यावर चार चेहऱ्यांची रिअ‍ॅक्शन, तीही झूम करून.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) याच्या बरोबर उलटं केलं आहे. सफाई कामगाराला आत्महत्येला प्रवृत्त केल्याच्या आरोपावरून एका लोकशाहीरावर खटला चालतो. कोर्टातले बरेचसे शॉट स्थिर आणि लांबून घेतलेले आहेत. मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला जेवढं दिसेल तेवढंच आपल्याला दिसतं. कुणाची बाजू घ्यायची हे कॅमेरा सांगत नाही. मग कोर्ट सुटतं आणि कॅमेरा वकिलांच्या मागोमाग जातो: बचावाचा वकील सुपरमार्केटमध्ये खरेदी करताना, सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करताना. दुसऱ्या दिवशी तेच लांबचे शॉट आपण वेगळ्या डोळ्यांनी बघतो. तोपर्यंत आपल्याला जास्त कळलेलं असतं.

हे पाहून अनेकांनी स्थिर वाइड शॉटची फॅशन केली, आणि तिथं काय बिघडतं ते सांगायलाच हवं. वाइड शॉट चालतो तो आत ताण असेल तर. फ्रेममधल्या प्रत्येक माणसाला, अगदी मागच्या कारकुनालाही, काहीतरी खरं काम द्यावं लागतं. नाहीतर ज्युनिअर आर्टिस्ट ताठ बसून राहतात आणि नजर तिथंच जाते. शिवाय सलग शॉटमध्ये एडिटला कापायला जागा नसते. नटाचं एक वाक्य लंगडं पडलं की अख्खा टेक बाद. खबरदारी म्हणून दोन क्लोज घेऊन ठेवावेत म्हटलं तर ते प्रकाशयोजनेत आणि नजरेत जुळत नाहीत. म्हणजे निर्णय सेटवर नाही, तालमीत घ्यायचा असतो.

गर्दीच्या, धावपळीच्या सीनला वेगळी शिस्त लागते. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तला (२०१३) डुक्कर पकडण्याचा भाग पुन्हा एकदा फक्त मांडणीसाठी पाहावा. जब्याचा शाळेतल्या शालूवर जीव जडलाय. घरच्यांसोबत डुक्कर पकडताना तिनं आपल्याला पाहू नये म्हणून तो आडोसे शोधतो. बापाला हे ठाऊक नाही, त्याला पोरगा कामचुकार वाटतो. आपल्याला दोघांचंही कळतं. म्हणून बापाचा राग खरा वाटतो आणि पोराचं लपणंही. मग डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि माणसं जागच्या जागी थबकतात. राष्ट्रगीताचा ठरलेला वेळ ५२ सेकंदांचा. ते संपेपर्यंत थांबायचंच, हे प्रत्येक प्रेक्षकाला शाळेपासून माहीत आहे, त्यामुळे समजावून सांगायला एकही शब्द खर्च होत नाही. डुकराला मात्र ते माहीत नाही.

असा पाठलाग उभा राहतो तो जागेच्या नकाशावर. शाळा कुठं, भिंत कुठं, पोरगा कुठल्या आडोशाला, हे प्रेक्षकाच्या डोक्यात आधी पक्कं व्हायला हवं. लाइन क्रॉस झाली, म्हणजे डावीकडून धावणारा माणूस पुढच्या शॉटमध्ये कारण नसताना उजवीकडून आला, की बघणारा गोंधळतो. मग कॅमेरा कितीही हलवा, संगीत कितीही चढवा, त्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: हा पळतोय कुठं?

'सैराट'चा (२०१६) शेवट अजून कुणी पाहिला नसेल तर त्यानं हा परिच्छेद सोडावा. १७४ मिनिटांच्या त्या चित्रपटात चार गाणी आहेत आणि ती सगळी प्रेमात पडलेले आर्ची आणि परशा पळून जाण्याच्या आधी येऊन जातात. नंतर आवाज हळूहळू संसाराचा होत जातो. शेवटी आर्चीच्या माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन दारात येतात, ती चहा टाकते. तिला वाटतं, राग निवळला. ही माणसं काय करू शकतात ते आपण पाहिलेलं आहे, म्हणून चहा उकळण्याचा साधा वेळही सहन होत नाही. त्या दोघांचा खून दाखवलेला नाही. शेजारीण त्यांच्या लहानग्याला दारात सोडते, तो आत जातो, आणि पडद्यावरचा आवाजच बंद होतो. पोराचं रडणं दिसतं, ऐकू येत नाही. तिथं एक जरी व्हायोलिन वाजलं असतं तरी प्रेक्षकाला रडायची परवानगी मिळाली असती आणि तो सुटला असता. पार्श्वसंगीताबद्दल माझं मत एवढंच आहे: जे प्रेक्षकाला आधीच कळलंय ते संगीतानं पुन्हा सांगू नये. आपल्याकडे बहुतेक वेळा नेमकं तेच सांगायला संगीतकाराला बोलावतात.

एडिट टेबलवर पहिला रफ कट, म्हणजे कच्ची जोडणी, बहुधा अर्धा-पाऊण तास जास्तीचा असतो. तो एकदा आवाज बंद करून पाहावा. कोण कुणापासून काय लपवतंय हे आवाजाशिवाय कळत नसेल तर नजरा चुकल्या आहेत, आणि ते पॅचवर्कशिवाय, म्हणजे काही शॉट पुन्हा घेतल्याशिवाय, सुटणार नाही. मग कथा माहीत नसलेल्या पाच-सहा जणांना दाखवावा. 'आवडला का?' हा प्रश्न निरुपयोगी, कारण ओळखीची माणसं 'छान' म्हणतात. चित्रपट मध्येच दोन-तीनदा थांबवून 'आता पुढे काय होईल?' असं कागदावर लिहून घ्यावं. सगळ्यांनी एकच उत्तर लिहिलं आणि तेच घडणार असेल, तर प्रेक्षक पुढे निघून गेलाय. मधला भाग कापा. सगळ्यांची उत्तरं भलतीच वेगळी आली, तर सांगायला हवी होती अशी एखादी माहिती राहून गेली आहे. दोन-तीन शक्यतांमध्ये उत्तरं विभागली तर हात लावू नका. छोट्या कापाकापीतही हेच चालतं. २४ फ्रेम्सचा एक सेकंद. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर १२ फ्रेम्स जास्त थांबलं तर 'याला संशय आलाय' असं वाचलं जातं, आणि तसं म्हणायचं नसेल तर त्या १२ फ्रेम्स खोटं बोलतात.

शेवट कुठं तोडायचा यावर सेटवरही भांडणं होतात. 'कोर्ट'मध्ये सुट्टीसाठी कोर्ट बंद होतं, दिवे मालवतात, पडदा काळा होतो. थिएटरमध्ये लोक उठायला लागतात. आणि चित्रपट पुन्हा सुरू होतो: न्यायाधीश रिसॉर्टवर सहलीला आलेले आहेत. बोलत नसलेल्या एका मुलासाठी ते त्याच्या बापाला अंगठीतल्या खड्याचा सल्ला देतात. नंतर बाकावर डुलकी लागलेली असताना पोरं त्यांना दचकवतात, तेव्हा हाती लागलेल्या पोराला थोबाडीत देऊन ते पुन्हा डोळे मिटतात. खटल्याच्या कथेला या भागाची काडीची गरज नाही. पण इतका वेळ ज्याच्या घरात कॅमेरा गेला नव्हता असा एकच माणूस उरला होता, आणि तो निकाल देणारा होता. ही माहिती खटल्याच्या आधी दिली असती तर प्रत्येक तारखेला आपण त्याच्यावर हसलो असतो.