काळ्या पाषाणाचा जांभा होतो कसा : हरिहरेश्वर ते रेडी

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या पायऱ्या उतरून खालच्या खडकावर जायचं तर आधी पंचांग उघडावं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. आम्ही द्वितीया धरली. पहाटे दीडला भरती, म्हणजे पावणेआठच्या सुमाराला पाणी सगळ्यात खाली. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे एकदोन दिवस उधाणाचे, त्यामुळे ओहोटीही खोलवर जाते आणि एरवी पाण्याखाली असणारा दगड उघडा पडतो. ओहोटीच्या तासभर आधी उतरावं आणि पाणी वळलं की वर यावं. शेवाळावरून पाय सटकतो आणि कड्याला लागून लाट आली तर मागे सरकायला जागा नसते. इथे माणसं वाहून गेली आहेत. पावसाळ्यात तर खाली उतरूच नये.

पायाखालचा सपाट ओटा लाटांनी कापलेला आहे. दगड काळा बेसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचा. लाव्हा उघड्यावर लवकर थिजला, म्हणून कण इतके बारीक की दहापट भिंगाखालीही एकेक वेगळा काढणं जड जातं. कड्याच्या अंगावर मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात आणि बरेच जण त्यांना लाव्हातल्या वायूचे बुडबुडे समजतात. दोन्हींत फरक आहे, आणि तो जागेवर ओळखता येतो. वायूची भोकं गोल किंवा बदामी, ताज्या तुटलेल्या दगडाच्या आतही तशीच. पुष्कळदा झिओलाइट किंवा कॅल्साइट या पांढऱ्या खनिजांनी भरलेली. पोळ्याची भोकं फक्त पृष्ठभागावर, तुषार उडतात त्या पट्ट्यात, एकमेकींना खेटून आणि मधल्या भिंती पातळ. ती मिठाची करणी. खारं पाणी दगडाच्या बारीक फटींत शिरतं, उन्हाने सुकतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण उचकटून काढतात. खळगा झाला की सावलीत ओल जास्त टिकते, म्हणून तोच खळगा आणखी खोल जातो.

हेदवीची बामणघळ वाटेत आहे. खडकातली अरुंद भेग समुद्राने कोरून लांब केली आहे. भरतीला लाट आत कोंडते आणि पाणी उंच उसळतं. घळीच्या काठावर उभं राहू नये, एवढं सांगून पुढे जातो.

या प्रवासात खरा वेळ द्यावा तो रत्नागिरीकडे जाताना रस्त्यासाठी डोंगर कापलेल्या उभ्या भिंतींना. गाडी सुरक्षित बाजूला लावायची आणि भिंत खालून वर वाचायची. तळाशी काळा, अखंड दगड. त्यावर तोच दगड भेगांनी चौकोनी तुटलेला. कोपरे आधी झिजतात, म्हणून प्रत्येक तुकड्याचा गोल धोंडा झालेला आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. पापुद्रा हातात चुरतो, गाभा मात्र हातोडीला अजून खणखणीत वाजतो. त्याच्या वर मुरूम. मग पांढरट-पिवळट, बोटांना साबणासारखी लागणारी चिकणमाती. मग तांबड्या-पिवळ्या नळ्यांचा जांभा आणि माथ्यावर काळपट-तपकिरी कठीण कवच, ज्याला सगळं कोकण कातळ म्हणतं. सगळे थर प्रत्येक भिंतीत सापडतील असं नाही. दोनतीन ठिकाणं जोडून पाहावी लागतात.

घडतं ते असं. बेसाल्टमध्ये जवळजवळ निम्मं सिलिका असतं. शिवाय कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम. पावसाचं किंचित आम्ल पाणी झिरपत हे सगळं हळूहळू विरघळवून नेतं. लोह आणि ॲल्युमिनियम सहसा विरघळत नाहीत, ते मागे राहतात. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने ऊन, हा फेरा लाखो वर्षं चालला की मागे उरलेल्या लोहाची ऑक्साइडं एकमेकांना धरून दगड बनवतात, तोच जांभा. ॲल्युमिनियम जास्त साठलं तिथे बॉक्साइट हे त्याचं खनिज. दापोली-मंडणगडच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माथ्यांवर, ते मिळतं.

चिकणमातीच्या थराकडे लक्ष द्यायला हवं, कारण डोंगर घसरतो तो बऱ्याचदा तिथेच. जांभा पाणी गाळून खाली सोडतो, माती ते अडवते. सड्याच्या पायथ्याचे झरे आणि बारमाही विहिरी याच जोडावर असतात. पण डोंगर उभा कापून पाण्याची वाट मोकळी ठेवली नाही, तर माती फुगून ढिली होते आणि वरचा जांभा घेऊन खाली येते.

राजापूरच्या बाजूला चिरेखाण, म्हणजे बांधकामाचे जांभ्याचे ठोकळे काढायची खाण, जवळून पाहिली. वरचा कातळ काढून टाकतात, मग यंत्राचं चक्रपातं उभे-आडवे काप घेतं आणि चिरा तळातून उचकटला जातो. ताजा चिरा ओलसर आणि मऊ, कुऱ्हाडीने तासता येईल असा. हवेत सुकताना त्यातलं लोह घट्ट होत जातं, म्हणून काही महिने उघड्यावर ठेवलेलाच चिरा भिंतीत घालावा. निवडताना पांढऱ्या मातीच्या गाठी पाहाव्यात. खाणीच्या तळाकडच्या चिऱ्यात त्या जास्त असतात. एका पावसाळ्यात गाठी धुऊन जातात, भोकं पडतात आणि भिंत गळते. बांधण्याआधी चिरा धुऊन भिजवायचा, नाहीतर लाल धूळ चुन्या-सिमेंटच्या मसाल्याला पकड घेऊ देत नाही आणि कोरडा दगड मसाल्यातलं पाणी पिऊन टाकतो. जुन्या घरांचं जोतं काळ्या दगडाचं आणि वर चिरा, ही रचना आम्हाला आजही सर्वांत शहाणपणाची वाटते. जमिनीतली ओल काळा दगड सहसा वर चढू देत नाही.

कशेळी-बारसूच्या सड्यावरची कातळशिल्पं त्या कठीण कवचावरच कोरलेली आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब. २०२२ साली ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. रेषांत खडू भरू नये आणि रेषांवर चालू नये. कवच कठीण असलं तरी रेषेची कड ठिसूळ असते.

रत्नागिरीच्या मांडवीला वाळू काळी. कागदाखाली लोहचुंबक धरून वर चिमूटभर कोरडी वाळू पसरली की मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण चुंबकामागे सरकतात. काळा दगड झिजून लाटांनी जड कण वेगळे पाखडले, त्याचाच हा साठा.

सिंधुदुर्गात शिरलं की बेसाल्टचा पसारा संपतो आणि त्याच्याखालचे फार जुने खडक वर येतात. कासार्डे-फोंड्याची सिलिका वाळू, वालुकाश्माचा कठीण झालेला क्वार्टझाइट, ग्रॅनाइटसारखा पट्ट्यापट्ट्यांचा नाइस. त्यांच्यावरही जांभाच चढलेला, म्हणजे जांभ्याला बेसाल्टच लागतो असं नाही. पाऊस, ऊन आणि वेळ लागतो.

रेडी हे लोहखनिजाचं गाव. तिथे पाठीवर चकाकी नसलेल्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर आम्ही खनिजाचा खडा घासला: गडद विटकरी रेघ. शेजारी राजापूरच्या जांभ्याचा तांबडा भाग घासला, तीही विटकरी, थोडी फिकी. दोन्हींत हेमॅटाइट हे लोहाचं ऑक्साइड. जांभ्याचा पिवळा भाग घासला तेव्हा रेघ पिवळट-तपकिरी आली. ते गोथाइट, त्याच लोहात पाणी धरून राहिलेलं.