तुम्ही विचारलंत म्हणून: गार हात आणि चिनी पुड्या

गणपतीला तैवानहून पुण्यात आले की हा प्रश्न ठरलेला: "काय गं, त्या चिनी औषधानं तुझे हातपाय गार पडायचे थांबले का?" विचारणाऱ्यांचे दोन तट आहेत. काहींना 'हो' ऐकायचं असतं, कारण पुढच्या खेपेला त्यांच्यासाठीही पुड्या आणायच्या असतात. काहींना 'नाही' ऐकायचं असतं, कारण बीएस्सी झालेली बाई असल्या गोष्टींच्या नादी लागली हे त्यांच्या मनात आधीच पक्कं असतं. माझं उत्तर दोघांनाही पुरत नाही आणि अर्ध्यातच विषय बदलतो. म्हणून एकदाचं सगळं लिहिते.

मला जे होत होतं त्याला 'थंडी वाजणं' म्हणू नका. मी राहते त्या शिन्चूला तैवानात वाऱ्याचं शहर म्हणतात. हिवाळ्यात ईशान्येचा वारा दिवसरात्र घोंघावतो आणि बहुतेक घरांत हीटर नसतो. तिथे कोणालाही थंडी वाजते. माझी बोटं मात्र मे महिन्यातही गार असायची. पायमोजे घालून झोपले तरी मध्यरात्री तळवे तसेच. आणि थकवा म्हणजे काम करून येतो तो नव्हे, झोपून उठल्यावरचा. केस विंचरता विंचरता हात खाली टेकवावे लागायचे. पुण्यात एका डॉक्टरांना दाखवलं होतं. हिमोग्लोबिन १२.२. "उत्तम आहे. मन रमवा कशात तरी," म्हणाले. आता त्या वाक्यावर मी काय करणार होते?

शेवटी शेजारीण मला गल्लीतल्या चिनी वैद्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे हे काही चोरून करायचं काम नाही. तैवानचा राष्ट्रीय आरोग्य विमा १९९५ साली सुरू झाला, त्यात हे उपचारही येतात. वैद्य विद्यापीठात शिकून, परीक्षा देऊन परवाना घेतात. माझी चिनी भाषा भाजीबाजारापुरती, म्हणून लेकीला दुभाषी म्हणून नेलं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती.

डॉक्टरीणबाईंनी माझं मनगट छोट्या उशीवर ठेवलं आणि तीन बोटं टेकवून बराच वेळ गप्प बसल्या. मग दुसरं मनगट. जीभ बघितली. मग प्रश्न सुरू झाले. गारठा कुठवर येतो, बोटांपर्यंत, मनगटापर्यंत, की कोपराच्या वर? तहान लागली की गार पाणी हवंसं वाटतं की गरम? घाम येतो का? झोप मध्येच मोडते का? पाळीचं मी मोडक्यातोडक्या शब्दांत स्वतःच सांगितलं. इतक्या वर्षांत गारठा कुठवर येतो हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी प्रत्येक प्रश्नाला नीट विचार करून उत्तर देत होते.

मग त्यांनी विचारलं, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटतं का. मी लेकीला म्हटलं, "सांग, बरं असतं." तिनं ते सांगितलंच नाही. माझ्याकडे न बघता ती त्यांच्याशी बोलायला लागली, आणि तेवढी चिनी मला कळत होती. "आई खरं सांगत नाहीये. मी शाळेतून येते तेव्हा ती झोपलेली असते. रविवारीसुद्धा. वेणी मला बाबा घालतात. आईचे हात मानेला लागले की खूप गार लागतं, म्हणून मी बाबांना सांगते. पण हे तिला सांगू नका."

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. मला वाटत होतं की बाबांनाच वेणी घालायची हौस आहे. तुम्हाला वाटेल मला रडू आलं असेल. नाही. मला राग आला, लेकीचा आला, आणि घरी पोचेपर्यंत मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. ती माझ्या पुढे पुढे चालत होती, दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरून. आजही तो रस्ता मला नको वाटतो.

त्या दिवशी औषध मिळालं नाही. बाईंनी माझ्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या, नखं दाबून बघितली आणि सांगितलं: आधी हॉस्पिटलात जाऊन रक्त तपासा, थायरॉइड आणि फेरिटिनसकट, मग या. थायरॉइड ठीक निघालं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ८. जागतिक आरोग्य संघटना १५ च्या खाली कमतरता धरते. साठा आधी आटतो, हिमोग्लोबिन पडतं ते नंतर. त्यामुळे रिपोर्ट 'उत्तम' दिसत असताना बाई आतून रिकामी झालेली असू शकते. २०१२ साली फ्रान्समधल्या १९८ बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला: रक्तक्षय नाही, पण फेरिटिन कमी आणि थकवा जात नाही अशा बायका. बारा आठवडे लोहाच्या गोळ्या घेतलेल्यांचा थकवा नुसत्या दिखाव्याच्या गोळ्या घेतलेल्यांपेक्षा बराच जास्त उतरला.

"म्हणजे लोहच!" हे मला माहीत आहे. लोहानं माझा थकवा बराच गेला, मी नाकारत नाही. पण फेरिटिन साठच्या वर गेल्यावरही डिसेंबरात बोटं गारच होती. तेव्हा बाईंनी तांग-क्वेइ-स-नी-थांग नावाचं औषध सुरू केलं. हातपाय गार आणि नाडी बारीक अशा माणसासाठीचा हा पाठ, म्हणजे औषधाची कृती, झांग झोंगजिंग या प्राचीन चिनी वैद्याच्या ग्रंथातला, सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा. त्यात अँजेलिकाचं मूळ, दालचिनीच्या कोवळ्या काड्या, ज्येष्ठमध, लाल बोरं असं सात वनस्पतींचं मिश्रण असतं. तपकिरी भुकटी गरम पाण्यातून घ्यायची. शिवाय गुडघ्याखाली चार बोटांवर ऐ-त्साव या वनस्पतीच्या धुमसत्या पाल्याची ऊब. त्या धुराच्या वासानं मला जोतिबाचा दवणा आठवला. दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या आहेत.

त्या हिवाळ्यात बोटं बरी राहिली. पुड्यांमुळे, लोह मुरल्यामुळे, की घरात पहिल्यांदा सगळे माझ्या गारठ्याकडे लक्ष देत होते म्हणून? पूर्वीची मी म्हणाली असती, चाचणीशिवाय बोलू नकोस. तिचं बरोबर आहे. पण त्याच शहाणीनं "मन रमवा" हे कुठल्याही चाचणीशिवाय मान्य केलं होतं. चिनी संशोधक थू योयो यांचं २०१५ चं नोबेल माझ्या तोंडावर फेकू नका. त्यांनी वनस्पतीतून एक रेणू वेगळा काढला आणि तो मलेरियावर तपासला. माझ्या पुडीचं तसं काही झालेलं नाही.

आणि पुड्या मी आणणार नाही. रागावलात तरी चालेल. हातपाय गार पडण्याची कारणं त्यांच्या शास्त्रातही अनेक आहेत. नावात 'स-नी' असलेलंच दुसरं औषध ताणानं कोंडलेल्या माणसाला देतात, ते मला दिलं नसतं. तुमच्यापैकी कोणी वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायचं औषध, घेत असेल तर अँजेलिकानं रक्तस्राव वाढू शकतो. बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी भलतीच मुळी गेली आणि कित्येक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. ते १९९३ साली जगासमोर आलं. दोषी ठरलेलं ॲरिस्टोलोकिक ॲसिड असलेल्या वनस्पतींवर तैवाननं २००३ मध्ये बंदी घातली. माझ्या पाठातली शी-शिन ही वनस्पतीही त्याच कुळातली, म्हणून तिचं फक्त मूळ वापरतात. हे सगळं बघायला तिथे परवानाधारक माणूस आहे. माझ्या बॅगेत तो मावत नाही. तुम्ही आधी फेरिटिन बघून घ्या.

यंदा डिसेंबरात पुड्या बंद ठेवून बघावं असं माझ्या मनात आहे, निदान कळेल तरी. डॉक्टरीणबाई नको म्हणतात. नवरा म्हणतो, एका हिवाळ्यावरून काही कळत नसतं. लेक आता स्वतःची वेणी स्वतः घालते. तिला मी अजून विचारलेलं नाही.