मार्चअखेरचं गुलमर्ग आणि ‘बंद असल्याचं लेखी पत्र’

गुलमर्गच्या स्कीइंग पॅकेजमधल्या, बंद राहिलेल्या गंडोल्याचे (केबल कारचे) पैसे परत मिळाले, पण त्याला सात आठवडे लागले. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात स्कीइंगला निघालेल्या एखाद्याचा तरी त्रास वाचावा.

पोहोचणं, खोली, भाड्याचे बूट आणि स्की, सगळं सुरळीत झालं. पहिल्या सकाळी गंडोल्याने कोंगडोरीला, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या वरच्या स्थानकावर उतरलो तर पुढचा, अफरवट डोंगरावर नेणारा दुसरा टप्पा बंद. आकाश निळंशार, अंगावर ऊन, आणि फलकावर ‘बंद’. मी चिडले. आमच्या काश्मिरी प्रशिक्षकाने काही न बोलता वर बोट दाखवलं. डोंगराच्या धारेवरून बर्फाची लांब पांढरी शेपटी उडत होती. “दीदी, ऊपर हवा है.” जिथे मी स्वेटरवर उभी होते, तिथून जेमतेम आठ-नऊशे मीटर वर ते चाललं होतं.

त्या रात्री पश्चिमी झंझावात आला. गुलमर्गला पाऊस, वर बर्फ. दुसरा आणि तिसरा दिवस त्यातच गेला. मार्चअखेरीस आधीचा थर उन्हाने ओलसर झालेला असतो. त्यावर नवा बर्फ पडला आणि लगेच ऊन आलं की उतारावरचा बर्फ सुटून हिमकडा कोसळायची भीती असते. त्यामुळे टप्पा बंद ठेवणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी बरोबरच केलं.

तक्रार आहे ती ज्या एजन्सीकडून पॅकेज घेतलं तिच्याबद्दल. निघायच्या चार दिवस आधी श्रीनगरच्या हवामान केंद्राचा अंदाज पाहून मी फोन केला होता, तारखा चार दिवस पुढे ढकला म्हणून. “मॅडम, सीझन एप्रिलपर्यंत असतो, काळजी करू नका.” परत आल्यावर तीन दिवसांच्या दुसऱ्या टप्प्याचे पैसे मागितले तर उत्तर आलं: हवामानामुळे सेवा बंद होती, असं लेखी पत्र जोडा.

पत्र आणायचं कुठून? तिथे तीन दिवस रांगेत उभे असलेल्यांपैकी कुणाच्याही हातात मी असं पत्र पाहिलं नाही. बंद असल्याचं कळायचं ते फलकावरून. मी फलकाचा फोटो पाठवला. आठ दिवसांनी उत्तर: फोटोवर तारीख नाही. मूळ फाइल पाठवली, तिच्या तपशिलात दिवस आणि वेळ होती. त्यावर दुसऱ्याच माणसाचा मेल, ‘कृपया फॉर्म भरा’. फॉर्म मी पहिल्याच दिवशी भरला होता. पुन्हा भरला. मग त्या तारखांचं हवामान केंद्राचं बुलेटिन जोडलं. प्रशिक्षकाने वहीच्या पानावर हिंदीत चार ओळी लिहून सही केली होती, तेही पान जोडलं. तेव्हा दोन दिवस मान्य झाले. तिसऱ्या दिवसाचं म्हणणं असं की पहिला टप्पा चालू होता, म्हणजे तुम्ही सेवा घेतलीत. बिल काढून पाहिलं, त्यात दुसऱ्या टप्प्याची ओळ वेगळी होती आणि तिची रक्कमही वेगळी. त्या ओळीखाली लाल रेघ मारून पाठवलं, तेव्हा कुठे पूर्ण रक्कम खात्यात आली. त्या दिवशी मी खरंच पेढे वाटले.

म्हणून पॅकेज घेताना बिलावर टप्पे वेगळे लिहून घ्याच, आणि ‘टप्पा बंद राहिल्यास परतावा’ हेही तिथेच. फलकाचा फोटो रोजच्या रोज काढा, बुलेटिन त्याच दिवशी उतरवून ठेवा.

आणखी एक. श्रीनगरचं तापमान बघून कपडे भरू नका. उंचीच्या दर १००० मीटरला साधारण साडेसहा अंश कमी होतात. श्रीनगर १,६०० मीटरच्या आत आहे आणि दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर नेतो. खाली १५ अंश असले तरी वर शून्याच्या आसपास, वारा वेगळाच.

शेवटच्या सकाळी पहिल्या टप्प्याच्या उतारावर जे मिळालं, त्यासाठी मी पुन्हा मार्चअखेरीसच जाईन. रात्र निरभ्र गेली होती, त्यामुळे वरचा थर कडक गोठला होता. आठ वाजता स्कीखाली नुसता खरवडल्याचा आवाज, कडा धरतच नव्हत्या. प्रशिक्षक म्हणाला, थांबा. दहाच्या सुमारास वरचा दोन बोटं बर्फ सुटा झाला, जाड्या मिठासारखा, आणि वळणं आपोआप यायला लागली. ते तास-दीड तास टिकतं. दुपारी तोच बर्फ चिकट होतो, स्की अडकते आणि गुडघा पिरगळतो, तेव्हा बारापर्यंत आटपा. रात्र ढगाळ गेली असेल तर बर्फ गोठलेलाच नसतो. अशा सकाळी सरळ झोपून राहा.

आणि सनस्क्रीन हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या आतल्या कडेलाही लावा. बर्फावरून ऊन खालून वर येतं. माझी तिथली कातडी आठवडाभर सोलवटत होती.