उडण्याआधी, पाडण्याआधी

कुस्तीचा फोटो कसा काढायचा हे मला रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांनी शिकवलं, असं म्हटलं की माझे फोटोग्राफर मित्र हसतात. हसू देत. मार्चअखेरच्या त्या दिवशी ते माझ्यासोबत असते, तर हसले नसते.

पोटापाण्यासाठी मी लग्नं आणि बारशी करतो. उरलेल्या वेळात डोंगर, पक्षी आणि मैदानं. त्या दिवशी दोन कामं एकाच पट्ट्यात जुळून आली. भिगवणजवळच्या एका कृषी पर्यटन केंद्राला माहितीपत्रकासाठी उजनी जलाशयाचे आणि पक्ष्यांचे फोटो हवे होते. संध्याकाळी तिथून जवळच, इंदापूर तालुक्यातल्याच एका गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान होतं. पहाटे पुणे सोडलं आणि उजाडायच्या आत कुंभारगावच्या काठावर पोचलो.

उजनीचं निसर्गचित्र काढणं अवघड आहे. नजर खिळावी असा डोंगर नाही, कडा नाही. सपाट पाणी, वाळून काळे पडलेले झाडांचे बुंधे, मासेमारीच्या जाळ्यांचे बांबू आणि मार्चचं पांढुरकं आभाळ. उभं राहून फोटो काढला तर निव्वळ राखाडी पट्टे येतात. मी होडीच्या तळाशी पालथा पडलो आणि लेन्स पाण्यापासून वीतभर उंचीवर आणली. तेव्हा कुठे पलीकडचा काठ बारीक रेघेसारखा झाला आणि मधलं पाणी दिसायला लागलं.

होडी चालवणारे काका मासेमारी करणारे, पक्षी दाखवायचं काम अलीकडचं. भीमेवरचं धरण १९८० साली पूर्ण झालं, तेव्हा ते पोरसवदा होते. ‘आमचं रान हितंच खाली हाय, दादा,’ असं त्यांनी वल्ह्यानं पाण्याकडं दाखवून सांगितलं, तेही इतक्या सहज की पुढं काही विचारायचं सुचलं नाही. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की शिखरापासून वर यायला लागतं, त्याचीही त्यांच्याकडं नोंद असते, कॅलेंडरशिवाय.

रोहितांचा थवा उथळ पाण्यात चरत होता. माना खाली, चोच उलटी, पाय चिखल ढवळतायत. बसलेला रोहित लांबून तसा फिकाच दिसतो. त्याचा खरा रंग पंखाखाली असतो, गुलाबी-लाल आणि कडेला काळा, आणि तो उघडतो उडतानाच. म्हणून सगळ्यांना उडतानाचाच फोटो हवा असतो. आमच्या उजवीकडच्या होडीतल्या एकानं तेवढ्यासाठी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. काकांचा चेहरा आंबट झाला. त्यांनी होडी आणखी मागं घेतली. ‘जास्तीचे पैसे देतो, उडवा म्हणत्यात. मी न्हाई उडवत. त्यांचं प्वाट भरू द्या की.’ मला पटलं. घरट्यांसाठी हे पक्षी कच्छच्या रणाकडं जातात. त्या प्रवासाची शिदोरी इथं गोळा होत असताना आपल्या फ्रेमसाठी त्यांना ताटावरून उठवणं ही चोरीच आहे, मग कॅमेरा कितीही भारी असो.

टाळ्यांना थवा बधला नाही. आम्ही थांबलो. मी पंखांवर फोकस धरून बसलो होतो, तर काका म्हणाले, ‘पंखाकडं नगा बघू. मानंकडं बघा. चरणं थांबलं की कॅमेरा उचला.’

मग मी माना बघायला लागलो. बराच वेळ काहीच नाही. वारा सुटला तशी एक मान वर आली, मग शेजारची, मग बघता बघता पन्नासेक. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडं. चालायला लागले, सगळे एकाच दिशेनं, आणि चाल हळूहळू वाढली. एवढा मोठा पक्षी जागच्या जागी उठू शकत नाही. त्याला वाऱ्यावर तोंड करून पाण्यावर धावावंच लागतं. पहिलं पाऊल पाण्यावर आपटलं तेव्हा माझं बोट आधीपासून बटणावर होतं. पंख उघडायच्या क्षणाची, पायाखाली उडालेल्या पाण्याच्या थेंबांसकट, अख्खी मालिका मिळाली.

माझा कॅमेरा सेकंदाला २० फ्रेम घेतो. पण डोळ्यांनी पाहिल्यावर बोट हलायला माणसाला जवळपास पाव सेकंद लागतो, म्हणजे चार-पाच फ्रेम तिथंच गेल्या, आणि नेमक्या हव्या त्याच. (बटण दाबायच्या आधीच्या फ्रेमही साठवणारे कॅमेरे आता आलेत. त्यांची किंमत बघून मी काकांचा सल्ला मानतो.) फ्रान्सच्या एतियेन-ज्यूल मारेनं १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला तो उडते पक्षी टिपायलाच. सेकंदाला १२ चित्रं. पुढं त्यानं धावणारी आणि उड्या मारणारी माणसंही अशीच टिपली. पक्ष्यावरून खेळाडूकडं जाणं ही काही माझी शोधून काढलेली वाट नव्हे.

दुपारी चिलापी आणि भाकरी खाऊन गाडीतच डोळा लागला. चारला मैदानावर.

जत्रेतल्या कुस्त्या लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरू होतात आणि शेवटच्या जोडीपर्यंत दिवे लागतात. फोटोग्राफरला हे मोठं संकट. उजेड संपलेला, त्यात वर लटकवलेले दिवे डोळ्यांना स्थिर दिसले तरी सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होत असतात. शटर वेगवान ठेवलं की एक फ्रेम उजळ, पुढची काळपट. शटर उतरवलं तर पैलवान पुसट. मी दिवे लागायच्या आधीच्या लालसर उजेडात जमेल तेवढं उरकायचं ठरवलं आणि हौद्याच्या कडेला गुडघ्यांवर बसलो, सकाळी होडीत होतो तेवढ्याच उंचीवर.

मोठी कुस्ती लागली. सलामी झाली, खडाखडी सुरू झाली. मानेवर हात, मनगटाला झटके, डोक्याला डोकं. आजवर मी अशा वेळी चेहरे आणि दंड धरून बसायचो, कारण जोर तिथं दिसतो. त्या दिवशी नजर आपोआप खाली गेली. तांबड्या मातीत चार पावलं. एका पैलवानाची बोटं फाकून मातीत रुतलेली, टाच अधांतरी. दुसरा अख्खा तळवा टेकून उभा, म्हणजे अजून वाट बघणारा.

दुसरी खूण कानाला मिळाली. हलगीवाला म्हातारा होता आणि डोळे हौद्यावरून हलू देत नव्हता. पैलवान नुसते रेटारेटी करत तेव्हा त्याचा ठेका सैल असे. मध्येच ठेका घट्ट व्हायचा आणि त्यानंतर लगेच कुणीतरी पट काढायचा, म्हणजे समोरच्याच्या पायांना हात घालायचा. त्यानं आयुष्यभर पैलवानांचे पाय बघितले असणार. दोनदा हे जुळल्यावर मी त्याच्या टिपरीवर भरवसा ठेवायला लागलो.

ठेका चढला. टाच उचललेल्या पैलवानाचा पुढचा पाय समोरच्याच्या दोन पायांमध्ये आला आणि पाऊल आतल्या बाजूला वळलं. धोबीपछाडीत पाठ फिरवून माणूस खांद्यावरून घ्यायचा असतो, आणि पाठ फिरायच्या आधी पाऊल फिरतं. मी बटण दाबलं. पुढच्या क्षणी समोरचा गडी आडवा हवेत, पाय आभाळाकडं, घामावर चिकटलेली माती सुटून त्याच्याभोवती उडालेली. पाठ लागली. मैदान उभं राहिलं आणि माझ्यासमोर माणसांची भिंत आली. पण सगळं मिळून चुकलं होतं.

रात्री मंडपामागं जिंकलेल्या पोराचे वस्ताद कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो बघायला आले. हवेतला पैलवान त्यांनी भराभर पुढं ढकलला. वळलेल्या पावलाच्या फ्रेमवर थांबले, चष्मा काढून पडदा नाकाजवळ धरला. ‘हे पाऊल आणखी वळायला पाहिजे होतं,’ म्हणाले, ‘नशिबानं पडला तो. ह्योच फोटो पाठवा. सकाळी तालमीत पोरांना दाखवतो.’

यात्रा कमिटीला मात्र चांदीची गदा देतानाचा फोटो हवा होता, ज्यात गदा अर्धी झाकलेली, पैलवान कोपऱ्यात आणि पुढं फेटा बांधलेले अकरा पाहुणे आहेत. तो फ्लेक्सवर लागला. पैसेही त्याचेच मिळाले.