कडेची गाठ आणि रेडियल ईबस: माझा अनुभव

सीटी स्कॅनमध्ये माझ्या उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात, पार कडेला, दोन सेंटीमीटरची गाठ दिसली. नेहमीची दुर्बीण तिथवर जात नाही. श्वासनलिकेचे फाटे तोवर फार बारीक झालेले असतात. बाहेरून सुई घालूनही तुकडा घेता येतो, पण त्यात फुफ्फुसातली हवा छातीत साठण्याचा धोका बराच जास्त.

तिसरा मार्ग ईबस, म्हणजे दुर्बिणीतून श्वासनलिकेच्या आत केलेली सोनोग्राफी. पण कोल्हापुरात चौकशी करताना 'ईबस होतं का' एवढंच विचारून भागत नाही. लिनियर ईबस श्वासनलिकेलगतच्या लसिकाग्रंथींसाठी असतं. कडेच्या गाठीला रेडियल लागतं: सुमारे १.४ मिमी जाडीचा, गोल फिरणारा, २० मेगाहर्ट्झचा प्रोब (सोनोग्राफीची बारीक तार). सीटीच्या नुसत्या फिल्म नेऊ नका, सीडी न्या. गाठीत शिरणारा फाटा डॉक्टर १ मिमीच्या कापांवरच शोधतात. तो सापडला तर निम्मं काम झालं.

क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणारी गोळी) साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, तेही हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. सहा तास उपाशी राहायचं. दुधाचा चहा म्हणजे खाणंच. 'घोटभर घे की' म्हणणाऱ्या पाहुण्यांना लांब ठेवा.

घशात लिग्नोकेनचा कडू फवारा मारतात, मग शिरेतून गुंगीचं औषध. गिळता येत नाहीसं वाटतं, पण श्वास चालू असतो. पडद्यावर निरोगी फुफ्फुस पांढऱ्या धुरळ्यासारखं दिसतं. गाठ लागली की ठळक कडेचा करडा भाग. प्रोबच्या चहूबाजूंनी गाठ असेल तर उत्तम. एकाच अंगाला असेल तर चिमटा निसटून शेजारचाच तुकडा येतो. खरी अडचण अशी की प्रोब ज्या बारीक आवरणनळीतून गाठीपर्यंत नेतात, तिच्यातूनच प्रोब काढून चिमटा घालतात, म्हणजे तुकडा तोडताना सोनोग्राफी नसते. श्वासागणिक नळी सरकते, म्हणून जोडीला सी-आर्म (चालू एक्स-रे दाखवणारं यंत्र) असलेला बरा. एका तुकड्यावर भागत नाही, पाच-सहा तरी हवेत.

नमुन्याच्या बाटल्या दोन: पॅथॉलॉजीसाठी फॉर्मालिन, टीबीच्या जीन एक्सपर्ट चाचणीसाठी आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून बघण्यासाठी) सलाईन. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होत नाही. आपल्याकडे अशी गाठ टीबीचीही निघते, म्हणून दुसरी बाटली आधीच सांगून ठेवावी.

नंतर घसा बधिर असेपर्यंत, साधारण दोन तास, पाणीसुद्धा नाही. एक्स-रे काढून मगच सोडतात. त्या दिवशी गाडी चालवायची नाही; गडहिंग्लज-चंदगडकडच्यांनी सोबत माणूस आणावा. थुंकीत एक-दोन दिवस रक्ताची रेघ चालते, पण एकदम छातीत दुखलं किंवा धाप लागली तर लगेच परत जायचं. रिपोर्टात 'कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत' एवढंच असेल आणि दुसरं निदान नसेल, तर तपास संपलेला नसतो.