मोरचूद, सोडा आणि हिरवा साका : या खेपेचा हिशेब

मॅलकाइटचा (तांब्याच्या हिरव्या खनिजाचा) हिरवा रंग पाडायचा उद्योग पुढे सरकलाय. या खेपेला सगळी वजनं आधी कागदावर मांडली.

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, कृषी सेवा केंद्रातलं, बोर्डो मिश्रण या बुरशीनाशक फवाऱ्यासाठी नेतात तेच. त्याच्या स्फटिकात पाण्याचे पाच रेणू अडकलेले असतात, म्हणून एक मोल (रेणूंच्या ठरावीक संख्येचं माप) २४९.७ ग्रॅमचा धरायचा, बिनपाण्याचा १५९.६ चा नाही. मी २५ ग्रॅम घेतलं, म्हणजे ०.१ मोल.

सोड्याचं प्रकरण जास्त किचकट. एकास एक मोल लागतो, म्हणजे कोरडा सोडियम कार्बोनेट १०.६ ग्रॅम. पण दुकानातल्या धुण्याच्या सोड्यात पाणी किती, हे कोण सांगणार? दहा रेणू पाणी असेल तर त्याच कामाला २८.६ ग्रॅम लागतात, आणि उघड्यावर राहिलेला सोडा या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो. म्हणून मी खाण्याचा सोडाच ओव्हनमध्ये २०० अंशांवर तापवतो. २० ग्रॅमचे १२.६ ग्रॅम झाले आणि वजन घटायचं थांबलं, की हातात निखळ कार्बोनेट. त्यातला ११.१ ग्रॅम वापरला, साधारण पाच टक्के जादा, म्हणजे तांबं मागे राहायला नको. (बोर्डोवाले शंभर लिटरला किलोभर मोरचूद, किलोभर चुना घालून मोकळे होतात. सुखी माणसं!)

दोन्ही द्रावणं कोमट केली, सोडा थोडा थोडा ओतला. सव्वा लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, तेव्हा भांडं मोठंच घ्या, आणि ते परत स्वयंपाकघरात नको. साका, म्हणजे तळाशी बसणारा गाळ, आधी फिकट निळा पडतो, ढवळत ठेवला की हिरवा होत जातो. उकळू मात्र देऊ नका, काळपट पडतो. वरचं पाणी नितळ दिसलं तरी त्यात अमोनियाचे थेंब टाकून पाहिले. गडद निळं झालं नाही, म्हणजे तांबं जवळपास सगळं खाली बसलेलं.

धुऊन, सावलीत वाळवून १०.४ ग्रॅम भरला. इथे एक मेख आहे. बरेच जण साक्याला साधं कॉपर कार्बोनेट धरतात. मोरचूद आणि सोड्याचं प्रमाण त्यानेही तेच येतं, पण अपेक्षित वजन १२.४ ग्रॅम निघतं आणि उतारा (अपेक्षित वजनापैकी हाती आलेला भाग) ८४ टक्के दिसतो. खरा साका बेसिक कार्बोनेटचा, दोन तांब्यांमागे एक कार्बोनेट आणि दोन हायड्रॉक्साइड. त्याचे ११.०६ ग्रॅम यायला हवेत, म्हणजे उतारा ९४ टक्के.

आता खलून डिंकात कालवायचा आहे, मास्क लावून.