जांबोटी–कणकुंबी रस्त्यावरचा फुललेला फाल्गुन

रानफुलं बघायला चला म्हटलं की आपल्याकडे श्रावण-भाद्रपदच आठवतो. पावसाळी फुलं पायाशी असतात, फाल्गुन-चैत्रातली डोक्यावर. मोठी झाडं, काटेरी झुडपं आणि वेली या दिवसांत बहरतात, त्यातली कित्येक तर आधी पानं गाळून मगच. म्हणून शिमगा ते गुढीपाडवा या काळात बेळगावहून पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला निदान एक रविवार काढावा, असं मी प्रत्येकाला सांगते.

यंदा आमचा पंधराएक जणांचा गट होता. निवृत्त गुरुजी, कॉलेजची मुलं, आमच्या गल्लीतल्या दोन काकू आणि त्यांच्यातल्या एकीची सातवीतली नात. उन्हं वर यायच्या आत बेळगाव सोडलं. शहर मागे पडलं की आधी उघडं माळरान आणि काजूच्या बागा लागतात, मग हळूहळू रान दाट होत जातं. वाटेत लाल-केशरी रंग दिसला की गाडीतून एकच ओरड व्हायची, "पळस!" प्रत्यक्षात तीन वेगवेगळी झाडं असतात. पळसाची फुलं केशरी, एक पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली आणि देठाकडचा भाग काळपट, मखमली. पांगाऱ्याची लालभडक फुलं फांदीच्या टोकाला घोसाने येतात आणि फांद्यांवर बारीक काटे असतात. पळस आणि पांगारा या दोघांचीही पानं त्रिदळी, त्यामुळे नुसत्या पानावर विसंबू नये. काटेसावरीचं फूल जाड, मांसल पाच पाकळ्यांचं, आत पुंकेसरांचा झुबका. तिच्या कोवळ्या खोडावरचे काटे बुडाशी रुंद आणि टोकदार. तिन्ही झाडांवर मैना, कावळे, सूर्यपक्षी मधासाठी गर्दी करतात, त्यामुळे पक्ष्यांचा गलबला ऐकू आला की मान वर करावी.

जांबोटीच्या पुढे गाडी एका बाजूला लावली आणि चालायला सुरुवात केली. निम्मी सकाळ जेमतेम दोन किलोमीटरांत गेली आणि तेच बरोबर आहे. फुलं ओळखायची तर एका झाडाशी थांबायला लागतं. पान समोरासमोर आहे की एकाआड एक, साल कशी, काटे आहेत का, फुलं नव्या फांदीवर की जुन्या, हे सगळं बघायचं. मोबाईलमध्ये फोटो टाकून नाव मिळतं, पण फुलाचा एकटा जवळून काढलेला फोटो असला तर ते नाव बऱ्याचदा चुकतं. पान, साल आणि अख्खं झाड यांचे फोटो सोबत हवेतच.

याचं उत्तम उदाहरण करवंद आणि कुसर. दोन्ही पांढरी, दोन्ही सुवासिक, एकाच जाळीत शेजारी शेजारी. करवंदाला पाकळ्या पाच, फुलाची नळी गुलाबीसर आणि काटे जोडीने. कुसर म्हणजे रानातली मोगऱ्याची बहीण, तिला काटे नाहीत आणि पाकळ्या पाचापेक्षा जास्त, साधारण सात-आठ. सातवीतल्या पोरीला भिंग दिलं आणि नुसतं मोजायला सांगितलं. पुढच्या जाळीपाशी तीच काकूंना समजावून सांगत होती. गटाने जाण्याचा फायदा हाच. एक जण झाड बघतो, दुसरा खाली पडलेलं शोधतो, तिसरा लिहून घेतो.

कणकुंबीच्या अलीकडे अंजनीची झाडं फुलली होती. खरं सांगायचं तर मी दरवर्षी हिच्यासाठीच जाते. चिवट, गडद हिरव्या पानांच्या मागे, जुन्या फांदीला चिकटून जांभळ्या-निळ्या फुलांचे गुच्छ येतात. फूल इतकं लहान की उभ्याने बघितलं तर फक्त रंग दिसतो. भिंगातून चार पाकळ्या आणि आठ निळे पुंकेसर स्पष्ट मोजता येतात. हा बहर फार दिवस टिकत नाही, त्यामुळे जाण्याआधी तिकडच्या कुणाला तरी फोन करून "अंजनी आली का?" विचारून घ्यावं.

एका झाडाखाली पांढऱ्या-गुलाबी केसरांची कडी पडलेली दिसली. वर बघितलं तर फूल एकही नाही. गवताचा भारा घेऊन जाणाऱ्या एक आजी थांबल्या. "काय बघूलालाय?" झाडाकडे बोट दाखवल्यावर म्हणाल्या, "कुंभा की हो! रातचं फुलतंय, सकाळी गळतंय. पहाटे याला पायजे." कुंभ्याची मोठी पानं फांदीच्या टोकाला गोळा झालेली असतात, ती खूण. याच्या सालीच्या तंतूंपासून पूर्वी तोड्याच्या बंदुकीची वात करत, हे गुरुजींनी सांगितल्यावर कॉलेजची मुलं पुन्हा मागे येऊन झाड बघून गेली.

याशिवाय कडेच्या उतारांवर धायटी (आसव-अरिष्टं मुरवायला हिचीच फुलं घालतात), पांढरी उमलून पिवळी पडणारी गेळ्याची फुलं, उक्षीचे हिरवट झुबके. आणि उंच फांदीवर, पानं झडलेल्या काड्यांना लागलेली डेंड्रोबियम बारबॅट्युलम या आमरीची (ऑर्किडची) पांढरी फुलं. ती दुर्बिणीतूनच बघावी. आमरी फार सावकाश वाढते, घरी आणलेली क्वचितच जगते. आमच्या गटात नियम एकच असतो, हातात घ्यायचं ते खाली पडलेलं.

आता जाणाऱ्यांसाठी. बेळगाव ते कणकुंबी अंतर साधारण ४५ किलोमीटर. बसने जायचं असेल तर परतीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. हा चोर्ला घाटाचा रस्ता, गोव्याची वाहनं वेगात येतात, म्हणून वळणावर गट थांबवू नका. आजूबाजूचं रान भीमगड अभयारण्याचं आहे (२०११ साली घोषित), डांबरी रस्ता सोडून आत शिरायचं तर वनखात्याची परवानगी हवीच. गवे आणि अस्वलं आहेत, त्यामुळे अंधारात पायी फिरू नका. या दिवसांत ओढे आटलेले असतात, माणशी दोन लिटर पाणी घरूनच न्या. पाचोळा वाळलेला असतो, विडी-सिगारेट आणि चूल नकोच. झाडावर आग्या मोहोळ दिसलं तर आवाज न करता पुढे सरका.

गोचिडांकडे मात्र दुर्लक्ष करू नका. शेजारच्या दोडामार्ग आणि सत्तरी भागात २०१६ च्या सुमारास माकडतापाचे रुग्ण सापडले होते, आणि हा ताप मुख्यतः गोचिडीच्या चाव्यातून होतो. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत धोका जास्त. पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, पाचोळ्यात बसायचं नाही, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे लगेच धुवायला. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा. नंतर ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगा.

नावं पडताळायला इंग्रजी वाचता येत असेल तर थिओडोर कूक यांची मुंबई इलाख्याची वनस्पतीसूची (१९०१–१९०८) उपयोगी पडते. बेळगाव तेव्हा इलाख्यात होतं, त्यामुळे आपल्या भागाच्या नोंदी तिच्यात आहेत.

कणकुंबीत माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचं उगमस्थान आहे. डबे तिथल्या सावलीत खा, पत्रावळी आणि बाटल्या परत आणा. पाडव्याच्या आत जमलं नाही तर एप्रिलच्या शेवटी निघा, तेव्हा बहावा पिवळा झालेला असेल आणि याच जाळ्यांत करवंदं काळी पडायला लागलेली असतील.